मंद दिव्याची बाजू

चेन्नईत सायकल चालवायची म्हणजे रात्र टाळता येत नाही. मे महिन्यात इथले लोक ज्याला अग्निनक्षत्रम म्हणतात तो काळ लागला, की सकाळी साडेसातलाच ऊन पाठीवर स्वार होते. म्हणून तिरुवान्मियूरहून महाबलीपुरमकडे जाणारे चार-साडेचारलाच ईस्ट कोस्ट रोडला लागतात. सूर्य उगवतो पावणेसहाच्या सुमारास. म्हणजे मुट्टुकाडूच्या पुलापर्यंतचा रस्ता बहुतेक अंधारातच कापायचा. ज्यांना ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला सायकलने पुरा करण्याचा, नाद लागला आहे त्यांची तर गोष्टच वेगळी. ३०० किलोमीटरला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४० अशी तिथली मुदत, आणि त्यातली एखादी सबंध रात्र खोगिरावर जाते.

अशा माणसाने हँडलवर वेग-अंतर दाखवणारा कोणता कॉम्प्युटर लावावा, यावर आमच्या पहाटेच्या कॉफीच्या टपरीवर जे वाद होतात ते ऐकून मी आजवर गप्प बसलो. आता बसवत नाही. मात्र पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडन करू नये, हा आपला जुना शिरस्ता आहे. तो पाळतो.

पहिला पूर्वपक्ष माझ्या एका मित्राचा. तो विट्याकडचा, साहुकारपेठेत गलाईचा धंदा. खानापूर-आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळायला देशभर पसरली, त्यांतलाच हा. तो म्हणतो, “आवं, अंधारात आकडं वाचून कुणाचं भलं झालंय? पुढं बघून चालवावं.” त्याच्या सायकलला कॉम्प्युटर नाही. चांगला दिवा मात्र आहे, आणि त्याबद्दल त्याला पूर्ण गुण. ज्याच्याकडे एकाच वस्तूपुरते पैसे आहेत त्याने आधी पुढचा आणि मागचा दिवाच घ्यावा. इथवर आमचे भांडण नाही.

भांडण त्याच्या पुढच्या वाक्याशी आहे. तो म्हणतो, वेग अंगाला कळतो. दिवसा कळतो, हे खरे. झाडे, कुंपणे, कडेचे दगड मागे सरकतात आणि डोळा त्यावरून हिशेब करतो. रात्री दिव्याच्या चिंचोळ्या पट्ट्याबाहेर सरकायला काही उरतच नाही. त्यातून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ईशान्येचा वारा पाठीशी असला, की दक्षिणेकडे जाताना ताशी ३५ किलोमीटर कधी होतात, मांड्यांनाही कळत नाही. आता साधे गणित करू. ताशी २५ वेगाने सायकल सेकंदाला सात मीटर जाते. खड्डा दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे साडेदहा मीटर गेलेच. कोरड्या डांबरावर बेताने ब्रेक दाबला तर आणखी सहा. एकूण सोळा-सतरा मीटर. ३५ च्या वेगाला हाच हिशेब सव्वीस मीटरवर जातो. दिव्याचा कामाचा झोत वीस मीटर पडत असेल तर २५ वर तुम्ही सुरक्षित आहात, ३५ वर स्वतःच्या दिव्याच्या पुढे धावत आहात. हे सांगणारी रात्री एकच वस्तू असते, आणि ती म्हणजे पडद्यावरचा तो आकडा.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न नव्हता. पुण्यात काय, सांगलीत काय, बिनदिव्याची सायकल पोलिसाने चौकात अडवायची तो काळ. टायरला घासणारा बाटलीएवढा डायनामो घूं घूं करायचा, पॅडल जड व्हायचे, आणि वेग वाढला की दिवा उजळायचा. चढावर दिवा मिणमिणायचा, उतारावर लख्ख. म्हणजे दिवा हाच वेगाचा काटा होता. जितके जोरात जाल तितके लांबचे दिसेल, असा त्या यंत्राचा सरळ व्यवहार होता. आजचा बॅटरीचा एलईडी दिवा तुम्ही दहाने चाला की चाळीसने, तेवढाच उजेड टाकतो. तुटलेली ती साखळी कुणीतरी जोडायला हवी. माझ्या मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ कपातली कॉफी फिरवत बसला.

दुसरा पक्ष मोबाइलवाल्यांचा. तो लवकर उरकतो. मोबाइल हँडलवर लावा, पडदा मोठा, नकाशा फुकट, वेगळा खर्च कशाला? पडदा रात्रभर चालू ठेवला तर पहाटेपर्यंत फोन मरतो, आणि रात्री दोन वाजता कल्पाक्कमच्या पुढे टायर फुटल्यावर जो फोन लागतो तो हाच असतो. शिवाय चेन्नईच्या दमट हवेत बोटांना सतत घाम असतो. ओल्या बोटाने काचेवर काय सरकवायचे ते सरकत नाही, आणि नको ते उघडते. पाऊस आला तर थेंबच पडदा चालवू लागतात. पुरे.

तिसरा पक्ष खरा तगडा आहे. तो म्हणतो, रात्रीसाठी घ्यायचा ना? मग सर्वांत झगझगीत पडद्याचा घ्या, रंगीत, सदैव पेटलेला. बॅकलाइट जितका प्रखर तितका कॉम्प्युटर रात्रीचा. दुकानदारही हेच सांगतात आणि गिऱ्हाईकही काउंटरवरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली पडदे शेजारी शेजारी ठेवून हेच तपासते. मीही तसाच घेतला होता. पहिल्याच पहाटे, उत्तंडीचा टोल ओलांडून रस्त्यावरचे दिवे विरळ झाले, आणि मी अंतर बघायला मान खाली घातली. वर पाहिले तेव्हा पुढच्या अंधारात त्या चौकोनाचा हिरवट ठसा तरंगत होता. रस्त्यावर वाऱ्याने वाळू येऊन पसरली होती. ती मला चाक घसरल्यावर दिसली. पडलो नाही, एवढेच.

डोळ्याचे असे आहे, की उजेडातून अंधारात आल्यावर त्याला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि तो सराव मोडायला एक झगझगीत क्षण पुरतो. यावर प्रतिपक्षाचे उत्तर तयार असते, आणि ते फालतू नाही. ईस्ट कोस्ट रोडवर समोरून गाड्या हाय बीम लावून येतातच, तिथे तुमच्या दोन इंची पडद्याने असे काय मोठे बिघडणार? शिवाय सायकलचा दिवा चालू असताना तुमचा डोळा अमावास्येच्या अंधाराला सरावलेला असतोच कुठे?

दोन्ही गोष्टी मान्य. पण गाडी येते आणि जाते. आपण तिच्याकडे थेट बघत नाही, रस्त्याच्या डाव्या कडेला नजर धरतो. पडदा मात्र तासन् तास नजरेच्या खालच्या काठावर बसून असतो आणि त्याच्याकडे आपण मुद्दाम, रोखून बघतो. नजर त्यावरून रस्त्यावर आली, की समोरचे करडे-काळे बारकावे, म्हणजे खड्ड्याची कड, झोपलेले कुत्रे, गतिरोधकाचा पुसलेला पट्टा, सगळे एकाच काळ्या रंगाचे होते. एक सेकंद पडद्यावर गेला तर २५ च्या वेगाने सात मीटर आंधळे गेले, आणि डोळा परत जागेवर येईपर्यंत आणखी सात.

याच किनाऱ्यावर हा धडा दुसरे कुणीतरी रोज गिरवते. नीलांकरै ते बेझंटनगर या पट्ट्यात १९८८ पासून विद्यार्थ्यांची एक संस्था ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवते. जानेवारीपासून हे स्वयंसेवक रात्री वाळूतून चालतात, आणि टॉर्च शक्य तितकी बंद ठेवतात. कारण अंड्यातून निघालेले पिल्लू समुद्रावरच्या फिक्या उजेडाकडे जायचे सोडून रस्त्यावरच्या दिव्यांकडे चालू लागते. प्रखर उजेड वाट दाखवतो, हे प्रत्येक वेळी खरे नसते.

मग लाल घ्या, असे कुणी म्हणेल. लढाऊ विमानांच्या कॉकपिटमध्ये एके काळी तांबडे दिवेच असत. पण पुढे ते मागे पडले आणि मंद पांढरे दिवे आले. त्यामागच्या कारणांतले एक चाळिशी ओलांडलेल्यांना चटकन पटेल. तांबडा प्रकाश डोळ्यात जरा मागे केंद्रित होतो, आणि ज्यांना जवळचे वाचायला चष्मा लागतो त्यांना तांबड्यातले आकडे आणखीच पुसट दिसतात. सायकलवर कुणी वाचनाचा चष्मा घालत नाही. तेव्हा माझा कौल लालला नाही. मंद पांढरा किंवा पिवळसर, आणि आकडे ठळक.

आता मंडन. माझे म्हणणे एका वाक्यात असे, की रात्रीचा कॉम्प्युटर निवडताना तो किती उजळतो हे न बघता तो किती विझू शकतो हे बघा. आणि मागितल्याबरोबर पेटतो का, तेही.

साधा काळ्या आकड्यांचा एलसीडी पडदा बाहेरच्या उजेडावर वाचला जातो. दिवसा त्याला स्वतःचा उजेड लागत नाही, आणि शहरात रस्त्याच्या दिव्याखालून जाताना मान जरा कलती केली की भागते. बॅकलाइट लागतो तो फक्त उत्तंडीच्या पलीकडे, तोही तीन-चार सेकंद. बटण दाबले, आकडा बघितला, विझला. लोक याला स्वस्तपणा समजतात. तो स्वस्तपणा नव्हे, हिशेब आहे. आत जो बटणसेल असतो, सीआर २०३२, त्याची धारणा साधारण २२० मिलिअँपिअर-तास. बॅकलाइटला पाच मिलिअँपिअर लागले आणि तो सतत चालू ठेवला, तर कागदावर ४४ तास, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. एका ६०० च्या ब्रेव्हेत सेल संपला. नुसता एलसीडी चालवायचा तर तोच सेल वर्षभर पुरतो. रीचार्जचे जीपीएसवाले यंत्र घेणार असाल तर त्यातही उजेड शेवटच्या पायरीपर्यंत खाली जातो का, आणि सेटिंगच्या पाच पाट्या न उघडता जातो का, ते पाहा.

बटण मात्र बटणच हवे. दाबल्यावर बोटाला खट्ट लागावे, न बघता सापडावे.

आणि एक गोष्ट, जी मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितली नाही. स्वस्त बिनतारी कॉम्प्युटर चिमट्यावरच्या सेन्सरकडून जुन्या पद्धतीचा, साधा, कमी ताकदीचा संदेश घेतात. चाकाच्या आऱ्यावरचे लोहचुंबक सेन्सरसमोरून गेले की एक ठोका. एलईडी दिव्यातली वीज वेगाने चालू-बंद करणारी यंत्रणा शेजारीच हँडलवर असली, की तिचा गोंगाट हा ठोका गिळतो. मग दिवा लावला की वेग शून्य, किंवा एकदम ताशी ९०. ज्या वस्तूशिवाय रात्री निघताच येत नाही तिनेच मीटर बंद पडतो! म्हणून रात्रीसाठी एक तर तारेचा घ्या, नाहीतर २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा डिजिटल. मधला स्वस्त बिनतारी नकोच. तारेला इथली खारी हवा लागते, सांधे हिरवे होतात, हे कबूल. महिन्यातून एकदा पुसा.

टायरचा घेर नीट भरा, हे सांगायला नको, पण सांगतो. ७०० बाय २३ चा घेर २०९६ मिलिमीटर, ७०० बाय २८ चा २१३६. टायर बदलला आणि आकडा बदलला नाही, तर २०० किलोमीटर झाले तरी पडद्यावर १९६ दिसतात. दिवसा तुम्ही पाटी वाचाल. रात्री “१४३.२ ला डावीकडे” एवढाच आधार असतो, आणि वळण मागे राहून गेलेले असते.

माझ्या गलाईवाल्या मित्राने शेवटी कॉम्प्युटर घ्यायचे ठरवले. पटले म्हणून की माझ्या तोंडाला कंटाळून, ते त्याला माहीत. दुकानात तमिळ मालकाने चार पडदे काचेवर मांडले आणि सर्वांत झळाळणारा पुढे सरकवला. मित्र काही बोलला नाही. मुशीतला रस तयार झाला का ते रंगावरून ओळखायला हा माणूस रोज भट्टीशेजारचा बल्ब विझवतो. त्याने वर बोट करून ट्यूबलाइट बंद करायला सांगितली. मालक चक्रावला, पण हसला, आणि ट्यूबलाइटबरोबर शटरही निम्मे खाली ओढून त्याने आम्हाला अंधार करून दिला.