यादी पाहावी, यादीवर विसंबू नये



गेल्या वर्षी माझ्या एक जुन्या रुग्ण, वय वर्षे अडुसष्ट, नातवाला सांभाळण्यासाठी सहा महिने न्यू जर्सीला गेल्या. निघताना रक्तदाब आटोक्यात होता. तिसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. झोप लागत नाही, छातीत धडधडते, घरच्या यंत्रावर रक्तदाब 170 च्या पुढे. गोळ्या चुकल्या नव्हत्या, जेवणात मीठही वाढले नव्हते. आधी तिथल्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असे सांगून मी थोडे खोदून विचारले, तेव्हा खरे कारण कळले. शेजारी राहायला आलेल्या एका आजींनी त्यांना मोबाइलवर एक नकाशा दाखवला होता. घराच्या आसपास चार टिंबे आणि प्रत्येक टिंबामागे लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला एक माणूस, छायाचित्रासह. त्या दिवसापासून नातवाचे बागेत जाणे बंद झाले होते. आजोबा तर त्यातले एक छायाचित्र मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवायला निघाले होते.

आपल्यापैकी अनेकजण मुलांकडे अमेरिकेला जातात आणि नातवंडांची जबाबदारी घेतात. म्हणून ही यादी काय आहे, ते समजून घेऊ.

न्यू जर्सीत 1994 साली सात वर्षांच्या एका मुलीचा तिच्या घरासमोर राहणाऱ्या माणसाने अत्याचार करून खून केला. तो पूर्वी अशाच गुन्ह्यांत शिक्षा भोगून आला होता आणि मुलीच्या आईवडिलांना याची कल्पना नव्हती. त्या दुःखातून ‘मेगन्स लॉ’ आधी राज्यात आणि 1996 मध्ये देशभर लागू झाला. आज तिथल्या सर्व राज्यांच्या यादी एकाच सरकारी संकेतस्थळावरून शोधता येतात. आपल्या परिसरात कोण राहते हे पालकांना कळावे आणि त्यांनी मुलांना जपावे, हा या यादीचा हेतू आहे.

यादी पाहायचीच असेल, तर सरकारी संकेतस्थळावरच पाहावी. नाव जुळले म्हणून माणूस तोच, असे मानू नये. छायाचित्र, वय, पत्ता असे सारे ताडून पाहावे. पत्ते बदलतात, नोंदी मागे पडतात. गुन्हा कोणता आणि केव्हाचा, धोक्याची पातळी कोणती ठरवली आहे, हेही वाचावे. नकाशावर सारी टिंबे सारखी दिसली, तरी त्यांमागचे गुन्हे सारखे नसतात. शंका राहिली, तर स्थानिक पोलिसांना विचारावे.

आता काय करू नये, तेही सांगतो. छायाचित्र गटांवर पाठवू नये, त्या माणसाच्या दारात जाऊ नये, त्याच्या बायकामुलांना टोचून बोलू नये. मेन राज्यात 2006 च्या एप्रिलमध्ये एका तरुणाने अशाच संकेतस्थळावरून पत्ते मिळवले आणि दोघांना त्यांच्या घरी गोळ्या घालून ठार केले. त्यातल्या एकाचा गुन्हा असा की, स्वतः कोवळ्या वयात असताना त्याने सोळावे वर्ष पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरलेल्या मैत्रिणीशी संबंध ठेवले होते. यादीतील माहिती वापरून कोणाला त्रास देणे हा अनेक राज्यांत स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय गुन्ह्याची चर्चा पसरली, की पीडित मूलही ओळखले जाते आणि त्याची जखम पुन्हा उघडी पडते.

मात्र माझी मुख्य काळजी वेगळी आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालानुसार, पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या बाललैंगिक अत्याचारांत अनोळखी गुन्हेगारांचे प्रमाण सुमारे 7 टक्केच होते. उरलेले सारे घरचे किंवा ओळखीचे. यादीत मात्र नाव येते ते पकडले जाऊन दोषी ठरलेल्यांचेच. न्यू जर्सीत तर कमी धोक्याच्या श्रेणीतील बहुतेकांची आणि केवळ कुटुंबातल्या मुलावर गुन्हा केलेल्या मध्यम श्रेणीतील अनेकांची नावे संकेतस्थळावर ठेवतच नाहीत. म्हणजे नकाशा कोरा दिसला, तरी मूल सुरक्षित आहे असे ठरत नाही.

भारतातही 2018 च्या सप्टेंबरपासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते, पण ती केवळ पोलीस व तपासयंत्रणांसाठी आहे. त्यामुळे समाजमाध्यमांवर ‘सरकारी यादी’ म्हणून फिरणारी नावे खरी मानू नका आणि पुढे पाठवू नका.

मग आजीआजोबांनी करायचे काय? नातवंडाला शरीराच्या अवयवांची खरी नावे शिकवा. ‘काकांना पापा दे’ असा आग्रह धरू नका. नको म्हणण्याचा हक्क त्याला घरातच मिळाला पाहिजे. एखाद्या व्यक्तीकडे जायला ते अचानक घाबरू लागले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, लघवीच्या जागी दुखते म्हणाले, तर लक्ष द्या. ही लक्षणे इतर कारणांनीही दिसतात, म्हणून डॉक्टरांना दाखवा. मूल काही सांगू लागले, तर मध्ये न तोडता ऐका, उलटतपासणी करू नका. ‘तू सांगितलेस ते चांगले केलेस’ एवढे जरूर म्हणा. घटना ताजी असेल, तर तपासणीपूर्वी अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. भारतात 1098 वर किंवा पोलिसांना कळवा. पोक्सो कायद्यानुसार हे कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आरोपी घरचा असला तरीही. न्यू जर्सीतही तसाच नियम आहे. तातडीच्या वेळी तिथला क्रमांक 911.

माझ्या रुग्ण आजींना मी एवढेच सुचवले की, मुलाला आणि सुनेला घेऊन एकदा ती यादी नीट वाचा आणि मग बाजूला ठेवा. चारांपैकी दोन नोंदी शेजारच्या गावातल्या निघाल्या. उरलेली दोन घरे बागेच्या वाटेवर नव्हती. आजोबांनी ते छायाचित्र फोनमधून काढून टाकले. आजी नातवाला पुन्हा बागेत नेऊ लागल्या, मात्र बाकावर बसल्यावर हातातला मोबाइल पिशवीत ठेवू लागल्या. महिन्याभरात रक्तदाब पूर्ववत झाला.

परवा त्या तपासणीला आल्या, तेव्हा म्हणाल्या, “डॉक्टर, रोज बागेतून येताना तो शाळेतले सगळे सांगायचा हो. मी फक्त ऐकत होते.” मुलाला रोज असे ऐकणारे माणूस मिळाले, तर सांगण्यासारखे वाईट काही घडल्यावरही ते त्याच माणसाकडे येते.