पिशवी कोणी भरावयाची?

पश्चिम युरोपात शिकावयास अथवा नोकरीस गेलेल्या भारतीय माणसाची पहिल्याच आठवड्यात ज्या दोन नावांशी गाठ पडते ती म्हणजे आल्डी आणि लिडल. दोन्ही जर्मन मालकीची सुपरमार्केटे, दोन्ही स्वस्त मालाबद्दल प्रसिद्ध. त्याच आठवड्यात गल्ल्यापाशी त्याला पहिला धडाही मिळतो. सरकत्या पट्ट्यावर मांडलेला माल कॅशियर बाई विलक्षण वेगाने पलीकडे ढकलते. पलीकडची जागा जेमतेम वीतभर. दूध, पीठ, अंडी, टोमॅटो यांचा ढीग साचू लागतो. वाण्याकडील सवयीने हा बिचारा पिशवी उघडून एकेक जिन्नस नीट लावू लागतो, आणि मागच्या रांगेतून सुस्कारे ऐकू येतात. दुसऱ्या खेपेस तो शहाणा झालेला असतो. सारा माल जसाच्या तसा ट्रॉलीत लोटावयाचा, पैसे चुकते करावयाचे, आणि भिंतीकडेच्या लांब फळीपाशी जाऊन तेथे सावकाश पिशवी भरावयाची, ही त्या दुकानांतील रीत होय.

या रीतीबद्दल त्या देशांत अखंड वाद चालू असतो. एक पक्ष म्हणतो, कॅशियर उद्धट आहेत, माल फेकतात, म्हाताऱ्या माणसाला श्वास घ्यावयास उसंत देत नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, गल्ल्यापाशीच पिशवी भरत बसणारे आणि रक्कम सांगितल्यावर पाकीट शोधू लागणारे गिऱ्हाईकच असंस्कृत आहे. दोन्ही पक्षांना शिष्टाचाराची चाड आहे, यात शंका नाही. परंतु दोघेही एकमेकांकडेच बोट दाखवितात. ज्याने हा वेग ठरविला, ज्याने ती पलीकडची जागा वीतभरच ठेवावयाची असे ठरविले, तो तिसरा पक्ष रांगेत कधीच उभा नसतो. म्हणून त्याचे नाव या वादात येत नाही.

आल्डी हे नाव अल्ब्रेख्त या आडनावाच्या आणि 'डिस्काउंट' या शब्दाच्या आद्याक्षरांपासून बनले आहे. एसेन या कोळसा-पोलादाच्या शहरात अल्ब्रेख्त बंधूंच्या आईचे छोटेसे दुकान होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या भावांनी ते हाती घेतले, आणि १९६२ पासून आल्डी हे नाव रूढ झाले. त्यांची युक्ती साधी होती: जिन्नस थोडे, सजावट शून्य, माल खोक्यांतच मांडलेला, आणि माणसे कमीत कमी. अमेरिकेत हे दुकान १९७६ साली गेले, ब्रिटनमध्ये १९९० साली. लिडल तेथे १९९४ साली पोहोचले. २०२२ साली महागाईने ब्रिटिश कामगार कुटुंबाचे कंबरडे मोडले, त्या वर्षी आल्डी त्या देशातील चौथ्या क्रमांकाचे किराणा दुकान बनले. गरजू माणूस स्वस्त दुकानात जातो, यात नाक मुरडण्यासारखे काहीही नाही. स्वस्ताई ही कष्टकऱ्यांच्या घरातील खरी गोष्ट आहे, आणि तिची टवाळी करणारे बहुधा भरल्या पोटाचे असतात.

प्रश्न असा की ही स्वस्ताई कोणाच्या श्रमातून येते. ठोक खरेदी आणि मोजके जिन्नस हा तिचा एक भाग. दुसरा भाग गल्ल्यापाशी दिसतो. ट्रॉली हवी तर तीत नाणे अडकवावे लागते, आणि ती जागेवर नेऊन लावली तरच नाणे परत मिळते. अशा रीतीने ट्रॉल्या गोळा करणाऱ्या नोकराचे काम गिऱ्हाइकाकडे गेले. पिशवी घरून आणावयाची, नाहीतर विकत घ्यावयाची. भरावयाचीही त्यानेच. अमेरिकेतील आल्डीत तर कॅशियर हिशेब झालेला माल जवळच्या रिकाम्या ट्रॉलीत टाकते, आणि गिऱ्हाइकाची रिकामी झालेली ट्रॉली पुढच्यासाठी तेथेच राहते. हाताची एक हालचालसुद्धा वाया जात नाही. 'ग्राहक हा राजा' ही म्हण जर्मन भाषेतही आहे. आपल्याकडील दुकानदार गिऱ्हाइकाला देव मानतो. पण आपली गाडी आपणच ढकलणारा, आपले ओझे आपणच बांधणारा आणि मागून हाकलला जाणारा राजा या दुकानांत पाहावयास मिळतो.

कॅशियरच्या बाजूने पाहिले तर कथा अधिक बोलकी आहे. स्कॅनर येण्यापूर्वी आल्डीच्या कॅशियरला दुकानातील शेकडो जिन्नसांच्या किमती तोंडपाठ असाव्या लागत. ती मालाकडे नुसती दृष्टी टाकी आणि बोटे यंत्राच्या कळांवर चालत. या बायका इतक्या वेगवान होत्या की इतर दुकानांनी स्कॅनर बसविल्यावरही आल्डीला त्याची निकड वाटली नाही; जर्मनीत तेथे तो २००० सालाच्या सुमारासच आला. आल्यावर काय झाले? वेष्टनांवर लांबलचक पट्ट्यापट्ट्यांच्या खुणा, त्याही अनेक बाजूंनी, छापण्यात आल्या, म्हणजे पुडा कसाही सरकवला तरी यंत्राने वाचावा. जे कौशल्य कामगाराच्या डोक्यात होते ते पुठ्ठ्यावर छापले गेले. यंत्राने कामगाराचे कसब हिरावून घेणे म्हणजे काय, हे ज्यांना मार्क्सच्या 'भांडवल' ग्रंथातील यंत्रविषयक प्रकरण वाचून अवघड वाटले असेल, त्यांना बिस्किटांच्या एका पुड्यावरून ते सहज समजेल. आणि वेग? तो कमी झाला नाहीच. आता यंत्र वेग मोजते. दोन जिन्नसांमधील सेकंदही नोंदविले जातात. ग्राहक पिशवी भरत राहिला तर थांबलेले सेकंद बाईच्या नावावर चढण्याची भीती असते. तिच्या घाईला आपण उद्धटपणा म्हणतो.

आल्डीचे ताशी वेतन प्रतिस्पर्धी दुकानांपेक्षा बरे असते, असे तिचे समर्थक सांगतात, आणि ब्रिटनपुरते ते बहुतांशी खरेही आहे. पण तेथे तीच व्यक्ती गल्ला सांभाळते, खोकी फोडते, फळ्या भरते आणि फरशीही पुसते. ताशी वेतनाच्या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही.

लिडलची कथा याहून काळी आहे. २००४ साली जर्मनीतील व्हेर्डी या कामगार संघटनेने या दुकानांतील कामाच्या परिस्थितीवर एक 'काळे पुस्तक'च प्रसिद्ध केले. २००८ साली 'श्टेर्न' साप्ताहिकाने उघडकीस आणले की लिडलने खासगी गुप्तहेर नेमून, छुपे कॅमेरे लावून आपल्याच कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवली होती. कोण किती वेळा शौचालयात जाते, कोणाचे कोणाशी प्रेमसंबंध आहेत, इथपर्यंतच्या नोंदी होत्या. त्याच वर्षी कंपनीला सुमारे १५ लाख युरोंचा दंड झाला. एवढ्या मोठ्या धंद्याला तो चहापाण्याचा खर्च! मालकांचा स्वभाव कळावयास थिओ अल्ब्रेख्तचे उदाहरणही पुरेसे आहे. १९७१ साली त्याचे अपहरण झाले आणि ७० लाख मार्क खंडणी देऊन सुटका झाली. पुढे ही रक्कम धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा व्हावी, असा दावा त्याने केला.

मग पिशवी भरून देणारा नोकर ठेवला की प्रश्न सुटला काय? वॉलमार्टने १९९७ साली जर्मनीत पाऊल टाकले तेव्हा हाच प्रयोग केला. दारात हसून स्वागत करणारी माणसे, गल्ल्यावर पिशव्या भरणारे हात. जर्मन गिऱ्हाइकांना परक्याने आपल्या मालाला हात लावणे रुचले नाही; हुकमी हास्य तर त्यांना संशयास्पदच वाटले. कर्मचाऱ्यांच्या खासगी प्रेमसंबंधांवर बंधने घालणारी कंपनीची आचारसंहिता २००५ साली जर्मन कामगार न्यायालयात टिकली नाही. २००६ साली वॉलमार्टने तो देश सोडला. त्यामागे इतर व्यापारी कारणेही होती, पण ही कथा तेथे अजून चवीने सांगितली जाते. याउलट मेक्सिकोकडे पाहावे. तेथे सुपरमार्केटांतील पिशव्या वर्षानुवर्षे शाळकरी मुले आणि वृद्ध माणसे भरीत आली, पगाराविना, केवळ गिऱ्हाइकाच्या बक्षिसीवर. कंपनी त्यांना 'स्वयंसेवक' म्हणत असे. गिऱ्हाइकाला सेवा मिळाली, मालकाला नोकर फुकट मिळाला. म्हणून नोकराने पिशवी भरली की सभ्यता आणि आपण भरली की असभ्यता, असा हिशेब मांडता येत नाही.

एक बाब मात्र युरोपच्या बाजूने नोंदविली पाहिजे: तेथील कॅशियर बसून काम करते. अमेरिकेतील बहुतेक सुपरमार्केटांत ती दिवसभर उभी असते. तेथे आल्डी हाच अपवाद, आणि तोही बसलेली व्यक्ती माल भराभर सरकवू शकते म्हणून. आपल्या देशात हाच बसण्याचा हक्क कपड्यांच्या दुकानांतील स्त्रियांना झगडून मिळवावा लागला. केरळमध्ये या स्त्रियांनी आंदोलन केले, आणि २०१८ साली तेथील दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बसण्याची सोय मालकावर बंधनकारक झाली. तमिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. महाराष्ट्रात व अन्यत्र मोठ्या साखळी दुकानांत, पवईत २००२ साली पहिले दुकान उघडलेल्या डी-मार्टसह, जे सभासद खरेदीस जातात त्यांनी गल्ल्यामागे खुर्ची आहे की नाही, हे एकदा डोळे उघडे ठेवून पाहावे. पिशवी कोण भरतो हे त्यानंतर पाहिले तरी चालेल.

२०२० साली महामारी आली, तेव्हा जर्मन चान्सलर मेर्केल यांनी दूरदर्शनवरील भाषणात सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांचे जाहीर आभार मानले. आभारांनी पगार वाढत नाही. २०२३ साली जर्मनीतील किरकोळ व्यापारात सुरू झालेला वेतनाचा लढा संपांसह वर्षभर चालला आणि २०२४ च्या मे महिन्यात कोठे तडजोड होऊ लागली. दरम्यान मालकांनी दुसरा मार्ग धरला. आल्डीने २०२२ च्या जानेवारीत लंडनमधील ग्रीनिच येथे गल्लाच नसलेले दुकान उघडले: माल उचलावा आणि चालू लागावे, पैसे आपोआप वळते होतात. तेथे उद्धट कॅशियर नाही, सुस्कारा टाकणारी रांग नाही. शिष्टाचाराचा प्रश्न मालकाने अशा रीतीने सोडविला आहे.

नेदरलँड्समधील युंबो या सुपरमार्केटने २०१९ साली एक वेगळा गल्ला सुरू केला. त्याचा अर्थ मराठीत सांगावयाचा तर 'गप्पांचा गल्ला'. एकाकी वृद्धांनी तेथे सावकाश यावे, दोन शब्द बोलावेत, हळूहळू पिशवी भरावी. पुढे असे शेकडो गल्ले निघाले. कल्पना चांगली आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे एक गोष्ट उघड झाली: वेग कमी करता येतो. तो निसर्गनियम नाही. कोणीतरी ठरविले की कमी होतो.

तोवर त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या कष्टकऱ्याने काय करावे? जड जिन्नस पट्ट्यावर आधी ठेवावेत, अंडी आणि पाव शेवटी. आपल्या आणि मागच्याच्या मालामध्ये आडवी पट्टी ठेवावी. पैसे हाताशी असावेत. बाईला नमस्कार करावा, आणि माल ट्रॉलीत लोटून फळीपाशी जावे. हे मालकाच्या घड्याळासाठी नव्हे. तिच्या नावावरील सेकंद वाढू नयेत म्हणून. एखादा म्हातारा पुढे अडला तर सुस्कारा टाकण्याऐवजी त्याची पिशवी धरावी. आणि वेगाबद्दल तक्रार करावयाचीच असेल, तर ती गल्ल्यावर न करता लेखी स्वरूपात व्यवस्थापकाकडे द्यावी. तीत बाईचे नाव घालू नये, किती गल्ले बंद होते तो आकडा घालावा.