बंडीचं चाक जाम, अन् आपण निघालो बैल बदलाले!

राजेहो, आज राजकारण नाही. आज कॉम्प्युटरवर लिहितो. पण गोष्ट शेवटी आपल्याच पैशावर अन् आपल्याच कागदपत्रांवर येते, म्हणून पूर्ण वाचा.

माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर २०१४ सालचा. इंटेल आय-फाइव्ह, चौथी जनरेशन. निवडणुका, सोयाबीनचे पडलेले भाव, बोंडअळी, सगळ्या बातम्या याच्यावरच टाईप केल्या. मागच्या उन्हाळ्यात तो अडायला लागला. बटन दाबून चहा पिऊन यावं तरी स्क्रीनवर गोल गोल फिरतंच आहे. दुकानात नेला. दुकानदारानं झाकणही न उघडता निकाल दिला, "भाऊ, प्रोसेसर म्हातारा झाला. नवीनच घेऊन टाका." कोटेशन चाळीस हजारांचं. तालुक्याच्या पत्रकाराचं मानधन किती असते ते तुम्हाला माहीत आहे, मी लिहायची गरज नाही.

अकोल्याला एक जुना मित्र आहे, रिपेरिंग करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "काहाले बदलतं? आधी पाह्य तं, अडून काय राह्यलं!" त्यानं फोनवरच एक गोष्ट करायला लावली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटनं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन आकडे दिसतात. माझा सीपीयू, म्हणजे तोच 'म्हातारा' प्रोसेसर, पंधरा-वीस टक्क्यांवर आरामात बसलेला. डिस्क मात्र १००! म्हणजे बंडीचं चाक जाम होतं अन् मी बैल बदलायला बाजारात निघालो होतो.

मग झाकण उघडलं. आत अकरा वर्षांची धूळ. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये जी पेस्ट असते, ती वाळून खडू झालेली. आपल्या अकोला-अमरावतीचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. पारा ४४-४५ वर. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. तो म्हातारा नव्हता राजेहो, त्याला ऊन लागलं होतं!

साफसफाई, नवीन पेस्ट, जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, रॅम ४ ची ८ जीबी. सगळं मिळून पाच हजारांच्या आत. आता मशीन अर्ध्या मिनिटात सुरू होते.

मग नवीन घ्यायची गरजच नाही का? तसंही नाही. इथंच खरी मेख आहे.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेची नवी दुरुस्ती येत नाही. कुलूप तेच राहते, अन् चोर मात्र नव्या किल्ल्या बनवत राहतात. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढचीच लागते. आपली कोणती ते नंबरवरून कळते. आय-फाइव्ह ४५७० म्हणजे चौथी, आय-थ्री ७१०० म्हणजे सातवी, आय-फाइव्ह १०४०० म्हणजे दहावी.

आणि "फक्त प्रोसेसर बदलून द्या" असं होत नाही. चौथ्या जनरेशनच्या बोर्डावर आठवीचा बसत नाही. बोर्ड बदलला की जुनी डीडीआर-३ रॅमही जाते. म्हणजे डब्बा सोडून सगळंच नवीन.

घरच्या मशीनला एक वर्षाची सवलत आहे. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटमध्ये जाऊन नोंदणी केली, मायक्रोसॉफ्टच्या खात्याला मशीन जोडली, की ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट फुकट मिळतात. पण ही सवलत घरगुती वापरासाठी. कार्यालयांसाठी पहिल्या वर्षाचा दर एका मशीनमागे ६१ डॉलर, अन् पुढं दरवर्षी दुप्पट.

आता मुद्द्यावर येतो. २०११ च्या 'संग्राम' प्रकल्पापासून आपल्या ग्रामपंचायतींत कॉम्प्युटर आहेत. शाळांत आहेत, सेवा केंद्रांत आहेत. दोन्हीकडून चूक होऊ शकते. एक म्हणजे, "सगळे जुने झाले" म्हणून सरसकट नवीन खरेदी. उत्तरपत्रिका न तपासता सगळा वर्ग नापास करण्यासारखं आहे ते. दुसरी चूक उलटी, "चालते ना, चालू द्या". ज्या मशीनवर गावाचे आधार, पासबुकं, जातीचे दाखले स्कॅन होतात, ती बिनसपोर्टची चालवणं म्हणजे लोकांची कागदपत्रं ओट्यावर वाळत टाकणं आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जिथं लोकांची कागदपत्रं अन् बँकेचा व्यवहार, तिथं मशीन आधी बदला, त्यावर पैसा लावा. जिथं पोरं टायपिंग अन् चित्रं काढायला शिकतात, तिथं जुन्याच मशीनमध्ये एसएसडी टाका अन् लिनक्स चढवा. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवर शिकवतात. आपल्याकडं सी-डॅकचं 'बॉस' आहेच, तेही फुकट.

अन् पुढच्या ग्रामसभेत खरेदीचा ठराव आला की तीन गोष्टी विचारा. कोणत्या मशीनची कोणती जनरेशन आहे, त्याची यादी आहे का? दुरुस्तीचा अंदाज घेतला का? जुन्या मशीनच्या हार्डडिस्कचं काय करणार? कारण गावाची कागदपत्रं हार्डडिस्कसकट भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेली, तर नवीन मशीन घेऊन काय फायदा?

माझं म्हणाल तर ऑक्टोबरपर्यंत हीच मशीन, बँकेचं काम मोबाईलवर. त्यानंतर लिनक्स. श्रीलिपीची सवय सोडून युनिकोडवर यावं लागलं. त्रास झाला, पण चाळीस हजार वाचले.

तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीतली मशीन कोणत्या जनरेशनची आहे? जाऊन विचारा, अन् खाली लिहा. मी यादी करतो आहे.