सुप्यालाही एक भिंत हवी

पणजीला गेलात तर इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात पाच मिनिटं थांबाच. तिथल्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची मोठी चित्रं आहेत. यांना आझुलेजो म्हणतात. 1935 मधली ही चित्रं जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराची. विषय कामोंइशच्या महाकाव्याचा, म्हणजे वास्को द गामाच्या सफरीचा. गंमत बघा, इमारतीला नाव मात्र लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं, ज्यांनी 1930 मध्ये पोर्तुगालच्या वसाहत कायद्याला उघड विरोध केला!

म्हणून ती चित्रं काढा, असं मी म्हणणार नाही. चर्चमधली चित्रं बघतच मी वाढले. भिंतीवरचं चित्र वाचायला शाळा लागत नाही, हे मला पटलेलं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे: भिंत कुणाच्या वाट्याला येते?

माझं गाव दिग्गी, जोयडा तालुक्यातलं, गोव्याच्या हद्दीजवळ. काळी नदी आमच्याकडेच उगम पावते. तीच नदी पुढे सुप्याला अडवली. 101 मीटर उंचीचं धरण 1987 मध्ये पूर्ण झालं आणि जुनं सुपा पाण्याखाली गेलं. कित्येक कुटुंबं रामनगरला येऊन वसली. पणजीत जुनी घरं तरी उभी आहेत. सुप्याचं काय दाखवणार?

म्हणून रामनगरला टाइल्सची एक भिंत व्हावी. बाजार कुठे भरायचा, कुठल्या वळणावर कुणाचं घर होतं, सगळं चित्रात, आणि खाली कन्नड, कोकणी, मराठीत नावं. साधा रंग आमच्या पावसात टिकत नाही. टाइलवरचा रंग भट्टीत भाजून पक्का होतो. कारागीर शोधायला लिस्बनला जायला नको. जवळच खानापूरला मातीकामाची जुनी परंपरा आहे, कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा आहे.

कुणी म्हणेल, आधी रस्ते आणि मोबाईलचं नेटवर्क द्या, चित्रं कसली काढता? मागणी रास्तच आहे. पण रस्ता दहा वर्षांनीही होईल. सुप्यात राहिलेली माणसं तोपर्यंत असतील का?

तेव्हा येत्या सुट्टीत आपल्या मंडळातल्या चार-पाच जणांनी वह्या घेऊन रामनगरला जाऊया. म्हाताऱ्या माणसांजवळ बसून जुन्या गावाचा नकाशा काढून घेऊया. टाइल्स नंतरही भाजता येतील.