जुनी दुर्बीण भंगारात देऊ नका

आपल्या घरात दुकानातून नवी दुर्बीण क्वचितच येते. येते ती कुणाची तरी वापरलेली. आई ज्या घरी स्वयंपाकाला जाते तिथला माळा साफ होतो, किंवा निवृत्त झालेले एखादे सर गावी जाताना सामान वाटतात, आणि एक लांबट पेटी आपल्या दारात येते. आत पांढरी नळी, तीन लाकडी पाय, दोन-चार छोटी भिंगे आणि भरपूर धूळ. डोळा लावला तर अंधार. मग "मोडकी होती म्हणून तर दिली" असे म्हणत ती माळ्यावर जाते, नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर.

माझे सांगणे असे की घाई करू नये. काच फुटलेली नसेल तर अशी दुर्बीण बहुधा मोडकी नसते. आपल्याला तिची ओळख नसते, एवढेच.

आम्ही कचेरीतली माणसे जुनी फाईल हाती आली की आधी नोंद करतो, मग पुढची कारवाई. इथेही तसेच करावे. मुलांना वहीचे एक पान द्या आणि लिहायला लावा. पुढच्या तोंडाला मोठे भिंग आहे, की नळीच्या तळाशी आरसा? नळीवर इंग्रजी 'डी' आणि 'एफ' या अक्षरांपुढे कोणते आकडे आहेत? 'डी ६०' म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी ६० मिलिमीटर. 'एफ ७००' म्हणजे त्याचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. साधारण १९६० ते १९८० या काळात जपानमध्ये अशा दुर्बिणी फार मोठ्या संख्येने तयार झाल्या आणि निरनिराळ्या नावांनी जगभर विकल्या गेल्या. म्हणून नुसत्या नावावरून काही ठरत नाही, आकडे पाहावेत.

डोळ्याजवळच्या छोट्या भिंगाला नेत्रिका म्हणतात. तिच्यावरही आकडा असतो. ७०० ला त्याने भागावे. २० ची नेत्रिका असेल तर ३५ पट मोठे दिसेल, ४ ची असेल तर १७५ पट. पेटीवर चारशे-साडेचारशे पट छापलेले असते, त्याला भुलू नका. भिंगाच्या मिलिमीटरची दुप्पट ही साधारण मर्यादा. ६० च्या दुर्बिणीला १२० पटीच्या पुढे नुसता धूसरपणा वाढतो. नेत्रिकेच्या नळीची जाडीही फूटपट्टीने मोजा. जुन्यांची साडेचोवीस मिलिमीटर असते, आज मिळणाऱ्या बहुतेकांची पावणेबत्तीसच्या आसपास. न मोजता नवी आणली तर ती बसत नाही आणि पैसे वाया जातात.

आता सर्वांत महत्त्वाचे. पेटीत बोटाच्या पेराएवढी काळपट काच सापडेल, तिच्या कड्यावर इंग्रजीत 'सन' लिहिलेले असेल. नेत्रिकेला ही काच लावून सूर्य पाहा, असे पूर्वी सांगत. मोठ्या भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता या एवढ्याशा काचेवर पडते. ती अचानक तडकते, आणि मग क्षणात डोळ्याचा पडदा जळतो. त्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे नजर गेल्याचे पोराला नंतरच समजते. मायबापांनो, ही काच ठेवू नका. कागदात गुंडाळून हातोडीने फोडा आणि टाकून द्या. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नका. शेजारची छोटी शोधक दुर्बीणही नाही.

सफाई कमीत कमी करावी. भिंगावरच्या थोड्या धुळीने फारसे बिघडत नाही, ओरखडा मात्र कायमचा राहतो. सदऱ्याचे टोक, राख, काच पुसायचे औषध यांतले काहीही लावू नये. रबरी फुग्याने हवा मारावी आणि मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकावी. तेलकट डाग राहिलाच तर बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात दवाखान्यातला कापूस भिजवून, न दाबता, हलकेच फिरवावा. एक बोळा एकदाच वापरावा. पुढचे भिंग म्हणजे दोन भिंगांची जोडी असते. ती उलटसुलट बसली तर चित्र बिघडते, म्हणून ते कडे उघडूच नका. तळाशी आरसा असेल तर तो पुसूही नका, त्याचा चकचकीत थर काचेच्या वरच्या बाजूला असतो. आत जाळीसारखी बुरशी दिसली तर जाणकाराला दाखवा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, तर मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून आकाशदर्शनाचे काम करीत आहे.

बाकी दुरुस्ती घरच्या घरी होते. फोकसचे चाक घट्ट झाले असेल तर आतले ग्रीस वाळलेले असते. रॉकेलच्या फडक्याने ते पुसावे, भिंगाला थेंबही लागू देऊ नये, आणि नवे ग्रीस बोटभर लावावे. तिवईचे गंजलेले नट हार्डवेअरच्या दुकानातून बदलून आणावेत. तिवई थरथरत असेल तर मध्ये पाण्याने भरलेली पिशवी टांगावी.

आमच्या वस्तीतल्या नववीच्या एका मुलीच्या दुर्बिणीतून काहीच दिसत नव्हते. भंगारवाल्याने भावही सांगून टाकला होता. नोंद केल्यावर दोन गोष्टी कळल्या. तिने ४ ची नेत्रिका लावली होती, आणि नेत्रिकेच्या आधी बसणारा तिरका आरसा हरवला होता. २० ची लावली, मागची नळी बरीच बाहेर ओढली, आणि दूरच्या पाण्याच्या टाकीची शिडी दिसली. उलटी दिसली, पण तो दोष नव्हे, अशा दुर्बिणीत उलटेच दिसते. खर्च आला फक्त नट आणि ग्रीसचा.

पहिली रात्र चंद्राची ठेवा, पण पौर्णिमेची नको. अर्ध्या चंद्रावर सावल्या पडतात आणि खड्डे उठून दिसतात. मग गुरू पाहा. त्याच्याजवळ एका ओळीत ठिपके दिसतील, ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये सुमारे वीस पटीच्या दुर्बिणीतून पाहिले होते. तुमची पस्तीस पटीची त्याहून उणी नाही. नंतर शनी आणि त्याचे कडे. ज्याच्या साडेसातीच्या नावाने लोकांकडून पैसे उकळले जातात, तो शनी पोरांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. दुसऱ्या कुणी समजावण्याची गरज उरणार नाही.

पावसाळ्यापूर्वी भिंगे कोरडी करून डब्यात ठेवा. नव्या चपलांच्या खोक्यात मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या फेकू नका, त्या डब्यात टाका. आणि दुर्बीण एका घरात कोंडून ठेवू नका. गच्चीवर न्या, शेजारच्या मुलांना बोलवा, रांग लावा. नोंदवहीत प्रत्येकाने काय पाहिले ते तारखेसह लिहू द्या.