आधी आई दाखवा!

कुत्र्यांशी माझे वैर नाही, हे आरंभीच सांगून टाकतो; नाहीतर श्वानप्रेमी मंडळी हातातली चकली खाली ठेवून माझ्या अंगावर धावून यायची. माझे वैर आहे ते 'खानदानी' या शब्दाशी.

तीन वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीत, नातीच्या हट्टापुढे मान तुकवून मी एक पग घरी आणला. रोख १८,००० रुपये मोजले. विकणाऱ्या गृहस्थांनी सुबक छापलेली वंशावळ हातात ठेवली. बाप कोण, आजा कोण, पणजाने कुठे पदक पटकावले, सारे त्यात होते. लग्नात कुळ-गोत्र पाहू नये, म्हणून मुलाच्या सोयरिकीच्या वेळी याच तोंडाने मी व्याख्यान झोडले होते. आणि इथे कुत्र्याच्या तीन पिढ्या वाचून हुरळून गेलो!

पिल्लाची आई मात्र फक्त कागदावर होती. "ती गावाकडे असते," एवढेच उत्तर मिळाले. पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचे असावे, हे पुढे डॉक्टरांनी दात पाहून सांगितले. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये आणि पैदास करणाराने राज्याच्या मंडळाकडे नोंदणी करावी, असे २०१७ चे केंद्राचे नियम सांगतात. ते मी वाचले, पण पैसे दिल्यावर!

चैत्र उजाडला आणि पिल्लू धापा टाकू लागले. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पगाचे तोंड चपटे, नाकपुड्या चिंचोळ्या, टाळूचा मऊ पडदा घशाला अडणारा. त्याने धापा टाकायच्या तरी कशा? शस्त्रक्रिया करावी लागली. ४५,००० रुपये!

मी जन्मभर कारकुनी केली आहे. हिशेब मांडल्याशिवाय मला झोप येत नाही. खाणे महिना २,००० धरले, तर बारा वर्षांचे २,८८,०००. लशी, गोचिडांची औषधे, डॉक्टर मिळून वर्षाला ६,०००, त्यांचे ७२,०००. शस्त्रक्रिया आणि मूळ किंमत मिळवा. बेरीज ४,२३,०००. म्हणजे दुकानात जी किंमत वाटली, ती खर्चाचा तेविसावा हिस्सादेखील नव्हती. उन्हाळ्यात त्याच्यासाठी चालणाऱ्या थंड यंत्राचे वीजबिल यात धरलेलेच नाही.

कुणी म्हणेल, "आजोबा, पगाचे नाक जन्मतःच तसे, त्याला कोण काय करणार?" अहो, नाही! विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःचे चित्र रंगवले, त्यात त्याचा पगही आहे. त्या कुत्र्याला चांगले पुढे आलेले नाक आहे! ते पुढे माणसाने खुडले. चपटे तोंड गोजिरे दिसते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चपट्याशी चपटे जुळवले. २००३ साली आपल्याकडे एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि घरोघरी त्याची हौस सुटली. आपण मागत गेलो, म्हणून ते पैदा होत गेले. या पापात माझाही १८,००० रुपयांचा वाटा आहे.

दुसरे कुणी म्हणेल, "परवडत नाही म्हणून म्हातारा कुरकुरतो." नाही हो. पैसे माझ्या पेन्शनीतून जातात, श्वास त्याचा जातो. आणि गावठी कुत्रा फुकट पडतो, असेही मी म्हणणार नाही. त्यालाही पोट आहे, लशी आहेत, बारा वर्षे आहेत. पण श्वास घेण्यासाठी त्याला सहसा डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.

परवा रात्री नातीने विचारले, "आजोबा, हा झोपेत रडतो का?" तो घोरत होता. मी "नाही" म्हणालो. पण माझे मलाच खरे वाटले नाही.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या पाडव्याला कुणी तुमच्यापुढे सात पिढ्यांचा कागद नाचवलाच, तर तो खुशाल घडी करून परत द्या आणि एवढेच म्हणा, "आधी आई दाखवा!" खाण तशी माती, असे आपले वाडवडील उगाच म्हणत नव्हते. ती कुठे बांधली आहे, काय खाते, चार पावले चालून तिला धाप लागते का, हे डोळ्यांनी पाहा. आई दाखवली नाही, तर पिशवीतले पैसे पिशवीतच ठेवा आणि घरी या. मुले दोन दिवस रुसतील. रुसू द्या!