शाबान व्हायचंय की तख्ती?

'खेळात राजकारण आणू नका' म्हणणाऱ्यांनो, जरा इराणकडं बघा. पहिलवान हा शब्द आपल्याकडं आलाच मुळी फारसीतून. तेव्हा दोस्तांनो, परक्या मुलखाची गोष्ट म्हणून पान उलटू नका.

घुलामरझा तख्ती. जन्म १९३०. दक्षिण तेहरानातलं खानियाबाद, म्हणजे गरिबांचं तेहरान. बापाचा बर्फाचा धंदा. रेल्वेसाठी सरकारनं जागा घेतली आणि बिऱ्हाड रस्त्यावर आलं. पोरगा मस्जिद सुलेमानच्या तेलक्षेत्रात मजुरीला गेला, पुढं रेल्वेतच नोकरीला चिकटला. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ७९ किलो फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. त्याच हेलसिंकीत ५७ किलोत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य घेतलं. खाशाबांना जाण्यासाठी वर्गणी काढावी लागली होती. ते १९८४ ला गेले आणि त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा! देश दोन असतील, सरकारांची जात एकच.

तख्तीनं १९५६ ला मेलबर्नमध्ये सुवर्ण मारलं, १९५९ आणि १९६१ ला जग जिंकलं, १९६० ला रोममध्ये पुन्हा रौप्य. पदकांचा हिशेब इथंच बंद करतो. पदकं मोजायला वर्तमानपत्रं आहेत.

आता दुसरा गडी. शाबान जाफरी. हाही तालमीतलाच, तिकडं तालमीला झूरखाना म्हणतात. लोक त्याला शाबान बीमोख म्हणायचे, म्हणजे बिनडोक शाबान. मोसाद्देघांनी इंग्रजांच्या घशातून तेल काढून देशाच्या मालकीचं केलं, तेव्हा फेब्रुवारी १९५३ मध्ये यानं त्यांच्या घराच्या फाटकावर जीप घातली. ऑगस्टमध्ये अमेरिका-इंग्लंडच्या हेरखात्यांनी मोसाद्देघांचं सरकार पाडलं, तेव्हा तुरुंगातून सुटून हा शहाच्या बाजूच्या जमावात हजर. शहानं उपकार फेडले, तेहरानात त्याला झकास झूरखाना मिळाला.

तख्तीनं त्या शहाच्या हातून पदकं घेतली आणि राहिला मोसाद्देघांच्या माणसांत. त्यांच्या नॅशनल फ्रंटमध्ये उघड काम केलं. सप्टेंबर १९६२ मध्ये बुईन झाहराच्या भूकंपात बारा हजारांवर माणसं मेली. हा जगज्जेता तेहरानच्या रस्त्यांवर पायी फिरला, लोकांपुढं हात पसरला. लोकांनी पैसे दिले, कपडे दिले, ब्लँकेटं दिली. राजाला हेच झोंबत असणार. ज्याच्या शब्दावर माणूस अंगावरचा कोट काढून देतो, तो माणूस गादीला धोकाच.

७ जानेवारी १९६८. तेहरानच्या हॉटेलात तख्तीचं प्रेत सापडलं. सरकार म्हणालं, आत्महत्या. लोक म्हणाले, सावाकनं मारला. सावाक म्हणजे शहाचे गुप्त पोलीस. खुनाचा पुरावा आजवर पुढं आलेला नाही, हे मी लपवत नाही. पण आपल्याच सरकारचा शब्द अख्ख्या देशाला खोटा वाटावा, यातच त्या सरकारची लायकी कळली.

१९७९ ला शहा पळाला. मग मुल्लांनी तख्तीला डोक्यावर घेतलं. आणि सप्टेंबर २०२० मध्ये याच मुल्लांनी शिराझच्या नवीद अफकारी या २७ वर्षांच्या कुस्तीगिराला फासावर चढवलं. २०१८ च्या निदर्शनांनंतर पकडलेला पोरगा. मारून मारून कबुली घेतली, असं तो ओरडून सांगत होता. मेलेला पहिलवान सगळ्यांनाच हवा असतो, जिवंत बोलायला लागला की दोरी तयार!

एक मित्र म्हणाला, 'तख्तीला काय मिळालं? शाबान तर मजेत जगला.' बरोबर आहे. शाबान २००६ ला कॅलिफोर्नियात म्हातारा होऊन मेला. आणि दिवस कुठला? १९ ऑगस्ट, मोसाद्देघांना पाडलं तोच.

आता आपल्या वस्तीत या. तालमीतल्या पोरांना इथला एक पुढारी दुधाचे पैसे देतो, कधी मॅट देतो, आणि मतदान जवळ आलं की पोरं जीपमध्ये भरून नेतो. मार खाणारे कोण? पलीकडच्या झोपडपट्टीतले आपलेच भाऊ. केस कुणावर? पोरांवर. तारखेला कोर्टात रोजगार बुडवून उभी राहतात ती पोरं. पुढाऱ्याचं नाव फिर्यादीत औषधालासुद्धा सापडत नाही. माझी त्या पोरांशी दुश्मनी नाही. त्यांची भूक मला ठाऊक आहे. पण ते दूध फुकटचं नाही, एवढं त्यांच्या तोंडावर सांगायला मी रविवारी संध्याकाळी तालमीत जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी यावं. पुढाऱ्याची माणसं असतीलच तिथं.